एक गाणे, एक नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



 विषय निवडण्याचे स्वातंत्र्य कार्यवाहांनी आम्हांलाच दिले होते. संतवाङ्मय, शिवकाल किंवा फार तर नाट्यसंगीत यांपैकी काहीतरी आम्ही सुचवू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही दूरध्वनीवरून 'पॉप गीते' असे सांगताच पलीकडे काही क्षण शांतता पसरली. तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत मान घालून बसलेल्या गृहस्थाचा या विषयाशी संबंध काय, ही त्यांची शंका रास्तच होती. आम्ही संगीतज्ञ नाही. पदवी बी. ए.ची आणि कान केवळ श्रोत्याचा, एवढ्याच भांडवलावर आम्ही आपल्यासमोर उभे आहोत. परंतु आजचा विषयही गाण्याइतकाच श्रोत्याचा आहे, म्हणून हे धाडस.

'पॉप' हा शब्द ऐकताच आपल्यातील ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडते, हे आम्ही जाणतो. 'पॉप्युलर' या शब्दाचे ते लघुरूप आहे. जे गीत शास्त्राच्या परवानगीवाचून लोकांच्या तोंडी बसते, ते पॉप गीत, एवढाच त्याचा मूळ अर्थ. या अर्थाने पाहता आपले भावगीत हे त्याचेच सालस भावंड होय. दोघांचा जन्मही एकाच यंत्राच्या पोटी झाला. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. न्यूयॉर्कचा गायक असो की मुंबईचा, जे काही सांगायचे ते त्याला त्या तीन मिनिटांत सांगावे लागे. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि घरोघर पोचली, त्यातून मराठी भावगीताची वाट रुळली, हे आपण जाणताच. तबकडीने आणखी एक गोष्ट केली. तिने गाणे आणि आवाज यांची गाठ कायमची मारली. पूर्वी एक पद दहाजण गात आणि ते पद दहाजणांचे होई. आता गाणे म्हटले की एकच आवाज आठवू लागला आणि पुढे पुढे तो आवाज म्हटला की एकच गाणे आठवू लागले.

आमचा आजचा विषय हाच आहे. एखादे गाणे एखाद्या गायकाला नाव मिळवून देते, ते कसे, आणि त्या नावाच्या बदल्यात त्याच्याकडून काय वसूल करते, याची काही उदाहरणे आपल्यापुढे ठेवावीत आणि शेवटी आपल्या मंडळापुरते चार शब्द बोलावेत, असा विचार आहे.

पहिले उदाहरण अमेरिकेतील ग्लोरिया गेनर या गायिकेचे. १९७८ साली त्या रंगमंचावर पडल्या, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्यातून उठून पाठीला आधाराचा पट्टा बांधलेल्या अवस्थेत त्यांनी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. त्या काळच्या छोट्या तबकडीला दोन बाजू असत. कंपनीला जे गाणे चालेल असे वाटे ते पहिल्या बाजूवर, आणि केवळ जागा भरण्यासाठी म्हणून दुसरे एखादे गाणे मागच्या बाजूवर. कंपनीने पहिल्या बाजूसाठी 'सब्स्टिट्यूट' नावाचे गाणे निवडले होते. मागच्या बाजूवर गेले 'आय विल सर्व्हाइव्ह', म्हणजे 'मी तगून राहीन'. सोडून गेलेल्या प्रियकराला उद्देशून एका स्त्रीने म्हटलेले हे गीत. पण दुखऱ्या पाठीने उभे राहून ते गाणाऱ्या बाईंच्या मनात त्या शब्दांना निराळाही अर्थ असणार, हे उघड आहे.

न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांतून तबकड्या वाजविणाऱ्यांनी ती तबकडी उलटी केली आणि मागची बाजू लावली. लोक नाचू लागले. नभोवाणी केंद्रांकडे मागणी येऊ लागली. मार्च १९७९ मध्ये ते गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. १९८० साली त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेही डिस्को संगीतासाठी म्हणून जो विभाग केवळ त्याच एका वर्षी ठेवण्यात आला त्या विभागात. पुढे डिस्कोची लाट ओसरली, पण हे गाणे ओसरले नाही. आजारातून उठणाऱ्यांनी, घर मोडलेल्या स्त्रियांनी, समाजाने दूर लोटलेल्यांनी ते आपले म्हणून उचलले. येथे आम्हांला आपले लक्ष एका गोष्टीकडे वेधावयाचे आहे. हे गाणे निर्मात्यांनी निवडले नव्हते. ते कोणा तबकडी वाजविणाऱ्याने ऐकले आणि त्याला ते दुसऱ्यांना ऐकवावेसे वाटले. गेनर यांचे नाव त्या ऐकण्यातून झाले.

आता मागच्या बाजूचीच दुसरी कथा, आणि तिचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. बंगळुरात जन्मलेले बिद्दू अप्पय्या हे तरुणपणी लंडनला गेले आणि तेथे संगीतकार-निर्माते झाले. १९७४ साली जमैकात जन्मलेल्या कार्ल डग्लस या गायकाकडून ते एक गाणे ध्वनिमुद्रित करून घेत होते. मागच्या बाजूसाठी काहीतरी हवे म्हणून उरलेल्या थोड्या मिनिटांत त्यांनी डग्लसनेच लिहिलेले 'कुंग फू फायटिंग' हे गाणे उरकून घेतले. शेवटी तेच पहिल्या बाजूवर आले आणि इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर गेले. डग्लस यांनी पुढेही गाणी गायिली, परंतु जगाने त्यांना त्या एकाच गाण्याचे म्हणून ओळखले.

सहा वर्षांनी हेच बिद्दू फिरोझ खान यांच्या 'कुर्बानी' या चित्रपटासाठी एक गाणे करीत होते. आवाज होता लंडनमध्ये वाढत असलेल्या नाझिया हसन या पाकिस्तानी मुलीचा. १९८० साली चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. 'आप जैसा कोई' हे ते गाणे. आमच्या पिढीतील मंडळींना ते वर्ष आठवत असेल. तोपर्यंत हिंदी चित्रपटातील नायिकेचा आवाज म्हणजे लताबाई आणि आशाबाई, असे समीकरण आपल्या कानांत पक्के होते. त्यात हा किंचित अनुनासिक, शाळकरी आवाज शिरला, तोही तालयंत्राच्या ठोक्यावर. घरातील वडीलधाऱ्यांनी रेडिओचा आवाज कमी करावा आणि धाकट्यांनी तो हळूच वाढवावा, असे ते दिवस होते. १९८१ मध्ये नाझियाला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी 'डिस्को दीवाने' ही तिची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. चित्रपटाच्या आधाराशिवायही गाणे विकले जाते, हे या ध्वनिमुद्रिकेने उपखंडाला दाखवून दिले.

नाझियाने पुढे कायद्याचे शिक्षण घेतले, संयुक्त राष्ट्रसंघात काम केले आणि गाणे जवळजवळ थांबविले. १३ ऑगस्ट २००० रोजी कर्करोगाने लंडनमध्ये तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. वीस वर्षांत तिने काय काय केले याची नोंद थोड्यांनी घेतली. बहुतेकांच्या मनात ती पंधरा वर्षांचीच राहिली.

याच बिद्दूंनी १९९५ मध्ये 'मेड इन इंडिया' हे गीत केले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ते प्रथम नाझियासाठीच योजिलेले होते. आपण पाकिस्तानी असून हे गीत गाणे आपल्या देशबांधवांना रुचणार नाही, म्हणून तिने ते नाकारले. मग ते अलिशा चिनॉय यांच्याकडे गेले आणि त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. दूरचित्रवाणीवर त्या गीताच्या चित्रफितीत जो राजबिंडा तरुण दिसे तो आपला मिलिंद सोमण, हे येथील भगिनीवर्गाला आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. पाहा, एकाच संगीतकाराच्या हातून तीन गायकांची तीन गाणी झाली आणि ती त्यांची ओळख होऊन बसली. संगीतकार मात्र त्या तिन्हींच्या मागे राहिला. गाण्याच्या यशाचा मुकुट आणि त्याचे ओझे, दोन्ही बहुधा गाणाऱ्याच्याच डोक्यावर येतात.

ओझे हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी, आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांना विशेष जवळचे वाटेल असे एक उदाहरण सांगतो. ते जपानचे आहे.

१९६० साली जपान व अमेरिका यांच्यातील सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये प्रचंड आंदोलन झाले आणि ते अयशस्वी ठरले. त्या निराशेतून रोकुसुके एई या कवीने एक गीत लिहिले. हाचिदाई नाकामुरा यांनी त्याला चाल दिली आणि क्यू साकामोतो या तरुण गायकाने ते १९६१ मध्ये गायिले. 'वर पाहत चालू या' असा त्याच्या नावाचा अर्थ. एकाकी माणसाने आपले अश्रू दुसऱ्यांना दिसू नयेत म्हणून केलेली धडपड, हा त्याचा आशय. शब्दांत राजकारण कोठेच नाही, म्हणून ते प्रत्येकाच्या दुःखाला लागू पडले. पुढे इंग्लंडमधील एका ध्वनिमुद्रिका कंपनीच्या प्रमुखाने ते जपानहून आणले. मूळ नाव इंग्रजांच्या जिभेला जड जाईल म्हणून त्याने त्याचे नाव ठेवले 'सुकियाकी'. सुकियाकी हा जपानमधील मांसाचा एक रस्सेदार पदार्थ आहे. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. आपल्या एखाद्या विरहगीताला परदेशात 'पिठलं' म्हणून ओळखले जावे, तसाच हा प्रकार झाला.

आणि तरीही त्याच नावाने ते गाणे जून १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि तीन आठवडे तेथे राहिले. जपानी भाषेतील गाण्याला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. दुसरे महायुद्ध संपून अठराच वर्षे झाली होती. ज्यांना एका शब्दाचाही अर्थ कळत नव्हता असे लाखो अमेरिकन श्रोते ते ऐकत होते. त्यांच्यापर्यंत काय पोचले? शब्द पोचले नाहीत, नाव तर चुकीचेच पोचले. पोचला तो हसऱ्या आवाजामागचा हुंदका आणि मधली शीळ. साकामोतो पुढे जपानमध्ये चित्रपटांत व दूरचित्रवाणीवर चमकले, पण जगाला ते त्या एकाच गाण्याने ठाऊक होते. १२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून ओसाकाला निघालेले जपान एअरलाइन्सचे विमान डोंगरावर कोसळले आणि ५२० माणसे मृत्यू पावली. त्यांत साकामोतो होते. वय त्रेचाळीस. त्या दिवसापासून जपानमध्ये ते गाणे त्यांच्या स्मरणाचे गाणेही झाले.

आता ओझ्याविषयी. इटलीतील दोमेनिको मोदुन्यो यांनी १९५८ साली सानरेमोच्या गीतमहोत्सवात दोन्ही बाहू पसरून एक गाणे म्हटले. 'व्होलारे', म्हणजे उडणे, या नावाने ते जगभर गेले. त्यापूर्वी मोदुन्यो दक्षिण इटलीच्या बोलीभाषांत गाणी गात. या एका गाण्याने त्यांना पहिल्याच ग्रॅमी समारंभात, १९५९ साली, दोन प्रमुख पारितोषिके मिळवून दिली. त्यानंतर त्यांनी नाटके केली, चित्रपट केले आणि शेकडो गीते रचली. १९८४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्यातूनही उठून १९८७ मध्ये ते इटलीच्या संसदेवर निवडून गेले आणि त्यांनी अपंगांच्या हक्कांसाठी काम केले. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या जन्मगावी, पोलिन्यानो आ मारे येथे, समुद्रकाठी त्यांचा पुतळा उभा आहे. तो दोन्ही बाहू पसरून उभा आहे. संसदेतील मोदुन्यो नव्हे, पक्षाघाताशी झुंजणारे मोदुन्यो नव्हे, तर त्या एका संध्याकाळचे मोदुन्यो लोकांनी कायमचे उभे करून ठेवले.

फ्रँक सिनात्रा यांची गोष्ट याहून विलक्षण आहे. १९६९ साली 'माय वे' हे गाणे निघाले तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले, तीस वर्षे गात आलेले, मान्यताप्राप्त गायक होते. त्यांना नव्याने नाव मिळवायचे नव्हते. हे गाणे मुळात फ्रेंच. क्लोद फ्राँस्वा याने गायिलेले मूळ गीत 'नेहमीप्रमाणे' अशा अर्थाच्या नावाचे असून त्यात प्रेम आटून गेलेल्या जोडप्याच्या कंटाळवाण्या दिनक्रमाचे वर्णन आहे. पॉल अँका याने चाल तीच ठेवली आणि शब्द सर्वस्वी निराळे लिहिले. आयुष्याच्या संध्याकाळी मागे वळून पाहणारा एक मानी पुरुष त्याने उभा केला. लोकांना वाटले, हे सिनात्रांचे आत्मचरित्रच. त्यांना मात्र ते आवडत नव्हते. ते गाणे आत्मप्रौढीचे आहे असे त्यांचे मत होते आणि पुढे त्यांना त्याचा तिटकाराच आला, असे त्यांच्या कन्येने त्यांच्या निधनानंतर, २००० साली, बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत सांगितले. न आवडणारे गाणे ते वर्षानुवर्षे गात राहिले, कारण समोर बसलेल्यांना तेच हवे होते.

याच्या उलट एदित पिआफ. फ्रान्सची ही गायिका १९६० साली व्याधींनी जर्जर झाली होती. संगीतकार शार्ल द्युमाँ यांना तिने यापूर्वी अनेकदा परत पाठविले होते. ऑक्टोबर महिन्यात ते कवी मिशेल व्होकेर यांच्याबरोबर तिच्या घरी गेले आणि नाइलाजाने परवानगी दिल्यासारखे करून तिने त्यांचे एक गाणे ऐकून घेतले. 'मला कशाचाही पश्चात्ताप नाही' अशा आशयाचे ते गाणे होते. ऐकताच तिचा नूर पालटला. हे आपलेच आहे, हे तिने ओळखले. त्याच वर्षाअखेर पॅरिसच्या ऑलिंपिया नाट्यगृहात ती ते गायिली. दिवाळखोरीच्या काठावर असलेले ते नाट्यगृह तिच्या त्या प्रयोगांनी सावरले. १९६३ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गेली. एका गायकाला त्याचे गाणे अंगरख्यासारखे काचते आणि दुसरीला तिचे गाणे शेवटच्या काळात काठीसारखा आधार देते. दोन्ही गाण्यांचा विषय जवळजवळ एकच, मागे वळून आयुष्याकडे पाहणे. फरक एवढाच, की पिआफने आपले गाणे स्वतः ओळखले होते आणि सिनात्रांचे गाणे लोकांनी त्यांच्यावर ओळख म्हणून चढविले होते.

बंधुभगिनींनो, आता घराकडे वळू. घर म्हणजे पुणे-मुंबई नव्हे. आपल्यासारख्याच बृहन्महाराष्ट्रातील एका घराकडे, इंदूरला.

इंदूरचे रामुभैया दाते हे संगीताचे फार मोठे रसिक. त्यांच्या घरी कोण गायिले नाही? त्यांचे चिरंजीव अरुण दाते यांचा जन्म १९३४ चा. शिक्षण वस्त्रोद्योगातील अभियांत्रिकीचे आणि पुढे नोकरीही त्याच क्षेत्रातील. गळा गोड होता, कुमार गंधर्वांचे मार्गदर्शन लाभले होते, पण ते गात असत उर्दू गझला. मराठी गाणे म्हणावे असे त्यांना वाटत नव्हते. इंदूरकडे वाढल्यामुळे आपले मराठी उच्चार महाराष्ट्रातील लोकांना कसे वाटतील, असा संकोच त्यांना होता, हे ते स्वतःच पुढे सांगत असत. श्रीनिवास खळे यांनी तो आवाज ऐकला आणि आपली चाल याच आवाजासाठी आहे असे त्यांना वाटले. शब्द होते मंगेश पाडगावकरांचे. बरोबर गाणाऱ्या होत्या सुधा मल्होत्रा, दिल्लीत जन्मलेल्या आणि मातृभाषा मराठी नसलेल्या. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'शुक्रतारा' हे गाणे झाले. त्यानंतर काय घडले ते आपण सर्व जाणता. दात्यांनी पुढे कितीतरी उत्तम गाणी गायिली, परंतु त्यांच्या कार्यक्रमाचे नावदेखील 'शुक्रतारा' असेच राहिले. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत पहिला शब्द तोच होता.

यातील एक गोष्ट आपण बाहेर राहणाऱ्यांनी मनाशी धरावी, अशी आमची विनंती आहे. ज्या गाण्याने मराठी भावगीताची कोमलता घरोघर नेली असे आपण मानतो, ते एका इंदुरी तरुणाने आणि एका बिगरमराठी गायिकेने गायिले आहे. त्या तरुणाच्या उच्चारांना कोणी एकदा जरी हसले असते तरी तो गझलेकडेच परतला असता. खळे हसले नाहीत. त्यांनी ऐकले.

येथे आमच्या विषयाचे सार येऊन ठेपते. अमुक गाण्याने अमुक गायक घडविला, असे आपण म्हणतो. आम्ही जी उदाहरणे सांगितली त्यांत मात्र घडविणारा दर वेळी कोणीतरी ऐकणारा आहे. कोणी तबकडी उलटून लावली, कोणी परक्या भाषेतील आवाज आपल्या देशात नेला, कोणी शाळकरी मुलीच्या आवाजात नवे काही ओळखले, कोणी संकोची तरुणाला मराठीत गायला लावले. आणि ज्याला आम्ही ओझे म्हटले, तेही ऐकणाऱ्यांनीच घातलेले आहे. 'वन्स मोअर' हा इंग्रजी शब्द मराठी माणसाने नाट्यगृहात इतका आपलासा केला, की तो मराठी नाही असे आता वाटतही नाही. त्या वन्स मोअरवर आपली संगीत रंगभूमी जगली. पण वन्स मोअरचा अर्थ 'पुन्हा' असा आहे, 'एवढेच' असा नाही.

बदल्यांच्या निमित्ताने आम्ही चार राज्यांतील मराठी मंडळांचे सभासद राहिलो आहोत. अशाच एका मंडळात, ते कोणते हे सांगण्याचे प्रयोजन नाही, गणेशोत्सवात महाराष्ट्रातून एक गायक आले होते. त्यांनी मर्ढेकर आणि इंदिराबाई यांच्या काही कवितांना नव्या चाली दिल्या होत्या. दुसरे गाणे सुरू झाले नाही तोच फर्माइशींच्या चिठ्ठ्या पेटीवर येऊन पडू लागल्या. प्रत्येक चिठ्ठीत त्यांचे तीस वर्षांपूर्वीचे तेच एक गाणे. त्यांनी हसून ते गायिले, मग त्यासारखीच आणखी चार गायिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. जेवणाच्या पंगतीत आम्ही त्यांच्या शेजारी बसलो होतो. ते म्हणाले, "त्या गाण्यानं मला घर दिलं, त्याच्याविषयी मी वाईट बोलणार नाही. पण साहेब, आज वही आणली होती हो." एवढे बोलून त्यांनी पुन्हा वरणभात कालविला.

आपल्या मंडळाला आज पन्नास वर्षे झाली. आरंभीचे सभासद ज्या वर्षी गाव सोडून आले, त्या वर्षीची गाणी त्यांच्या फर्माइशीत असतात. नंतर आलेल्यांच्या फर्माइशीत नंतरची. माणूस गाव सोडतो, त्या दिवशी त्याच्या कानातले गाव तेथेच थांबते. यात दोष कोणाचाच नाही. उलट, रात्री परक्या शहरात खिडकीशी बसून ते जुने गाणे ऐकताना जे वाटते, ते आम्हीही अनुभवले आहे आणि ते कोणी आपल्यापासून काढून घेऊ नये. परंतु गावाकडे तोवर नव्या कविता लिहिल्या गेलेल्या असतात, नवे आवाज तयार झालेले असतात. आपण केवळ जुनेच मागत राहिलो, तर येणारा गायक वही मिटून परत जातो आणि पुढच्या वेळी वही आणीतच नाही.

आणि आपली मुले? त्यांचा जन्म येथला, शाळा येथली. त्यांच्या मराठीत स्थानिक भाषेचा हेल आहे. स्नेहसंमेलनात एखादी मुलगी मराठी गाणे म्हणावयास उभी राहते, 'च' आणि 'ज' यांच्या उच्चारांत चुकते आणि मागच्या रांगेतून हसू उमटते. हसणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ती मुलगी पुढच्या वर्षी हिंदी गाणे निवडते आणि त्यापुढच्या वर्षी मंडळात येतच नाही. इंदूरच्या तरुणाला जो संकोच होता, तोच हिचा. फरक इतकाच, की त्याला खळे भेटले. हिला आपण भेटणार आहोत.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात कार्यकारिणीपुढे आम्ही दोन साध्या सूचना ठेवतो. पहिली, मंडळात पाहुणा गायक आला की पूर्वार्ध त्याच्या निवडीचा असावा, आणि चिठ्ठ्या मध्यंतरानंतरच स्वीकाराव्यात. उत्तरार्धात त्याचे ते प्रसिद्ध गाणे अवश्य व्हावे, वन्स मोअरसह व्हावे. दुसरी, वर्षातून एक संध्याकाळ मुलांनी आपल्या आवडीची गाणी आणावीत, कोणत्याही भाषेतील, कोणत्याही देशातील, आणि ती आपल्याला का आवडतात ते मराठीत सांगावे. उच्चार चुकतील. आपण ऐकावे. कदाचित एखाद्या गाण्याच्या मागच्या बाजूवर काय आहे, ते त्यांच्यामुळेच आपल्याला कळेल.

ग्लोरिया गेनर यांच्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्या गाण्याने त्यांना नाव दिले, त्याच्या पारितोषिकानंतर चाळीस वर्षे त्यांना दुसरे ग्रॅमी मिळाले नव्हते. जानेवारी २०२० मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ते त्यांना मिळाले, भक्तिगीतांच्या संग्रहासाठी. पहिले गाणे त्या आजही गातात. पण त्यांची वही मिटलेली नव्हती आणि ती ऐकणारे कोणीतरी होते.